स्वतःची कलमं गड्यावर टाकून ऑस्ट्रेलियात आंबे काढायला जावं का?

गुहागरी पोफळ (धागा काढणारा)
वय २७, पुण्यात नोकरी. गावी आंब्याची साठेक कलमं आणि घरामागे पोफळींचं आगर. ऑस्ट्रेलियाचा ४६२ क्रमांकाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा आता भारतीयांनाही मिळतो. वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा, नावं सोडतीने निघतात. वर्षभर एकट्याने हिंडायचं, खर्चापुरतं मधेमधे काम करायचं. ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात तीन महिने शेतीकाम केलं तर आणखी एका वर्षासाठी अर्ज करता येतो. माझ्या डोक्यात क्वीन्सलंडमधलं बोवेन आहे. तिथे आंबा होतो, आणि आंब्यातलं मला थोडंफार कळतं. हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरचा, म्हणजे आपल्या बरोबर उलट, त्यामुळे घरचं काही अडणारही नाही.

घरी विषय काढला. अण्णा पडवीत सुपारी सोलत होते. हात न थांबवता म्हणाले, "आपल्या कलमावर चढायला तुला कधी रजा मिळाली नाही. आता तिकीट काढून दुसऱ्याच्या कलमावर चढणार?" यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का बघा.

मालवणी खाजा
अण्णांचा बरोबर आसा. हयसर काजी वेचूक माणूस गावना नाय. माझ्या घराकडे बोंडू झाडाखाली कुसतत आणि माझो झिल गोव्याक हॉटेलात ताटां उचलता. पूर्वी लोक मुंबैक जायत, पण मनीऑर्डर तरी येय. तुझी काय येतली, फोटो?

वाशिष्ठीकाठची
मी जाऊन आलेय. पहिल्याच सोडतीत नाव निघालं, नशीब. तीन महिने आंब्याच्या बागेत होते, म्हणून सांगते: अण्णांना सांग, चढावं लागत नाही. झाडं छाटून बुटकी ठेवलेली असतात. ओळीतून एक यंत्र गोगलगायीच्या चालीने पुढे सरकतं, त्याला दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पंख, त्यांवर साबणासारख्या पाण्याचा फवारा सतत चालू. आंबा देठ मोडून तोडायचा आणि त्या ताडपत्रीवर टाकायचा. चीक सालीला लागायच्या आत धुऊन जातो. साल वाचते, आपण वाचत नाही. लांब बाह्या, हातमोजे सगळं घालूनही मनगटापाशी दोन बोटं जागा उघडी राहतेच. चौथ्या दिवशी तिथे फोड आले, ते उतरायला पंधरा दिवस लागले.

आता दुसरी बाजू. पोचल्यावर पहिले नऊ दिवस कामच नव्हतं, खोलीचं भाडं मात्र चालू. काम लावून देणारा आणि खोली देणारा माणूस एकच. त्याच्याशी वाद घातला की दुसऱ्या दिवशीच्या यादीत तुमचं नाव शेवटी. हे फोटोत येत नाही.

तरी पुन्हा गेले असते. घरी मला कधी कुणी झेला, म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी, हातात दिला नव्हता. आंबा काढणार गडी, बायांनी खाली बसून निवडायचा, पेटीत गवत घालून भरायचा. माझ्या आयुष्यातली पहिली आंबाकाढणी परक्या देशात झाली, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कलमवाला, पावस
धागाकर्त्यांनी ‘हंगाम उलट, घरचं काही अडणार नाही’ असं लिहिलंय, त्यावरून तुमची कलमं कोण बघतं ते कळलं. आंबा मार्च ते मेमध्ये काढतात, तयार होतो तो तुम्ही बोवेनला असाल त्या दिवसांत. नोव्हेंबरपासून पालवी की मोहोर याची धाकधूक, थंडी लांबली तर वेगळी चिंता, मग तुडतुडा, फवारण्या, पहाटे उठून पंपाला डिझेल. तेव्हा बागेत घरचं माणूस लागतं.

दुसरं, मनाला लागेल पण लिहितो. तुम्ही पाठीवर सॅक टाकून तिकडे मजुरी केलीत तर ते जग बघणं. नेपाळहून येऊन आमच्या-तुमच्या बागांत सहा-सहा महिने माचाळावर झोपणारा माणूस मात्र गडी. तोही देश ओलांडूनच आलाय. त्याला आपण कधी प्रवासी म्हटलं?

गुहागरी पोफळ
लागलं, आणि लागायलाच हवं होतं. आमच्या राखणदाराला सगळे ‘थापा’ म्हणतात. त्याचं आडनाव थापा नाही हे मला गेल्या शिमग्याला कळलं. अकरा वर्षं येतोय तो.

पण मग पावसकर दादा, उलटं विचारतो. मी बागेत राबलो नाही म्हणून मला कळत नाही असं तुम्ही म्हणता, आणि राबायला निघालो तर तेही नको?

हिशेबनीस
इथे सगळे एकमेकांना अपराधी करण्यात गुंतलेत. तो नेपाळी माणूसही स्वतःची शेती मागे टाकूनच येतो, त्याला कुणी "तुझ्या शेताचं काय" विचारत नाही, कारण तो पैशासाठी येतो हे सगळ्यांना मान्य आहे. पोफळरावांनीही पैशाचं बोलावं. जुलै २०२५ पासून तिथलं किमान वेतन तासाला २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि रोजंदारीवर असाल तर त्यावर २५ टक्के जास्त. पूर्वी बागांत नगावर पैसे द्यायचे, हात सावकाश चालला की दिवसाची कमाई हास्यास्पद व्हायची. एप्रिल २०२२ पासून नगावर काम केलं तरी तासाची किमान रक्कम द्यावीच लागते. वाशिष्ठीकाठच्या ताईंना ती मिळाली का?

वाशिष्ठीकाठची
मिळाली, तिसऱ्या आठवड्यापासून. आधीचे तास मी वहीत लिहून ठेवले होते म्हणून. वही ठेवा हो सगळ्यांनी.

सड्यावरचा
एवढ्या भानगडीपेक्षा वूफिंग करा की. १९७१ मध्ये लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्डने हे सुरू केलं, शहरातल्या माणसांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर काम करता यावं म्हणून. आता देशोदेशी चालतं. दिवसाचे चार-सहा तास काम, बदल्यात राहणं-जेवण. पैसा मधे नाही, म्हणून मालक-मजूरही नाही. टुरिस्ट व्हिसावर जा.

हिशेबनीस
शेवटचं वाक्य खोडा. न्यूझीलंडमध्ये राहणं-जेवण हाही मोबदलाच धरतात, नुसत्या व्हिजिटर व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनमध्येही तेच. ऑस्ट्रेलियाच्या पुढच्या व्हिसासाठी बिनपगारी काम धरत नाहीत. विमानतळावरूनच परत पाठवलं तर सडा आहेच. आणि मालक-मजूर नाही म्हणता, तर आपल्याकडे बिनपैशाच्या कामाला वेठ म्हणायचे.

सड्यावरचा
वेठ जबरदस्तीची असते. हे खुशीने आहे. व्हिसाचं मान्य.

आईच्या बाजूने
माझी मुलगी याच वयाची आहे. २००० सालच्या जूनमध्ये क्वीन्सलंडमधल्याच चिल्डर्स गावात प्रवाशांच्या हॉस्टेलला आग लावली गेली, १५ जण गेले. फळं तोडायला आलेली तरुण मुलं. जाऊ नको म्हणत नाही, पण पहिल्या रात्री झोपायच्या आधी बाहेर पडायचे दरवाजे बघून ठेव, आणि ते उघडतात का तेही.

कलमवाला, पावस
पोफळराव, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. राबायला जा, माझी हरकत नाही. फक्त ‘घरचं काही अडणार नाही’ असं म्हणून जाऊ नका. अडणार आहे. अण्णांशी बसून कोणती फवारणी कोण बघणार ते ठरवा आणि मग जा.

गुहागरी पोफळ
सोडतीत नाव टाकायचे २५ डॉलर भरणार आहे. अण्णांना ते साबणाच्या पाण्याचं वाचून दाखवलं. "देठ मोडून टाकतात?" असं दोनदा विचारलं. आपण बोटभर देठ राखतो, चीक सालीवर येऊ नये म्हणून, आणि ते मुद्दाम मोडतात, हे काही त्यांच्या गळी उतरेना. रात्री जेवताना पुन्हा तेच: "मग तो आंबा टिकतो किती?" मला माहीत नव्हतं. फवारणीचं अजून बोलणं झालेलं नाही.

मालवणी खाजा
नाव नाय इलां तर हयसर काजीक ये. सकाळची पेज मिळात. खोलीचा भाडा नाय.