आहारातील कोलेस्टेरॉलमुळे धमनीची रुंदावण्याची क्षमता घटते का?

प्रश्न
वडिलांच्या हृदयाच्या दोन धमन्यांत गेल्या वर्षी स्टेंट बसवले आणि तेव्हापासून त्यांनी अंड्याचा बलक पूर्णपणे वर्ज्य केला आहे. धमनी अरुंद होण्याच्या कितीतरी आधी तिच्या आतल्या अस्तराचे, म्हणजे एंडोथेलियमचे, काम बिघडते आणि गरज असताना ती रुंदावू शकत नाही, असे माझ्या वाचनात आले. खाल्लेले कोलेस्टेरॉल या अस्तरावर थेट परिणाम करते का? आधीच हृदयविकार असलेल्या माणसासाठी याचे उत्तर वेगळे असते का?

प्रतिसाद १
परिणाम होतो तो मुख्यतः यकृतामार्फत. अन्नातले कोलेस्टेरॉल सरासरी निम्मेच शोषले जाते, आणि हे प्रमाणही माणसागणिक फार बदलते. शोषलेले कोलेस्टेरॉल यकृतात पोहोचले की यकृत स्वतःची निर्मिती कमी करते. ही भरपाई अपुरी पडली, तर रक्तातले एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पकडून आत घेणारे यकृताच्या पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) घटतात आणि एलडीएल रक्तात अधिक काळ फिरत राहते.

अस्तराला त्रास होतो तो या वाढलेल्या एलडीएलचा. ते धमनीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइझ होते आणि मग अस्तरातून होणारी नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटते; जे तयार होते तेही लवकर नष्ट होते. भिंतीतल्या स्नायूंना सैल होण्याचा संदेश देणारा हाच वायू आहे. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये सशाच्या महाधमनीवर दाखवले होते की अस्तर शाबूत असेल तरच अॅसिटिलकोलीन या रसायनाने धमनी सैल होते. पुढे 1986 मध्ये माणसाच्या हृदयधमन्यांतही हाच फरक दिसला: निरोगी धमनी अॅसिटिलकोलीनने रुंदावली, रोगग्रस्त धमनी मात्र उलट आकुंचन पावली. श्रम करताना, म्हणजे रक्ताची गरज वाढते नेमक्या त्याच वेळी, छातीत का दुखते, हे समजण्यासाठी मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद २
वरील विवेचनाला एका प्रयोगाची जोड देतो. दंडाभोवती पट्टा आवळून पाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, मग तो सोडून धमनी किती रुंदावते ते अल्ट्रासाउंडवर मोजायचे, अशी अस्तराच्या कामाची एक चाचणी आहे. हृदयधमनीविकार असलेल्या 32 जणांना सहा आठवडे रोज दोन अंडी देऊन 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या चाचणीत बिघाड आढळला नाही. याउलट, सुमारे 50 ग्रॅम स्निग्धांश असलेल्या एकाच जेवणानंतर निरोगी माणसांतही ही क्षमता काही तास घटल्याचे 1997 मध्ये दिसले होते. एका बलकात साधारण 190 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, पण एलडीएल वाढवण्यात संपृक्त स्निग्धांशाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) वाटा त्याहून मोठा असतो. म्हणून बलक टाळला आणि लोणी तसेच चालू ठेवले, तर फारसे काही साधत नाही.

तरीही सहा आठवड्यांच्या छोट्या अभ्यासावरून हृदयरुग्णाने मनसोक्त अंडी खावीत, असा अर्थ मी काढणार नाही. मधुमेह किंवा आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असेल, तर मुळीच नाही.

प्रश्नकर्ता
आपण दोघांनीही सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. वडिलांचे एलडीएल स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) घेऊनही 84 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. एकदा बिघडलेले अस्तर पुन्हा सुधारते का?

प्रतिसाद ३
सुधारते, आणि पुष्कळदा अपेक्षेपेक्षा लवकर. हृदयविकाराचा तीव्र प्रसंग नुकताच येऊन गेलेल्या रुग्णांत अवघ्या सहा आठवड्यांच्या स्टॅटिनने वर सांगितलेल्या चाचणीत सुधारणा दिसली आहे. धमनीत साचलेला थर तसाच असतानाही तिचे काम सुधारू शकते, हे यातून ध्यानात येते.

84 हा आकडा मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. स्टेंट बसवलेल्यांसाठी युरोपातील 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एलडीएल 55 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणावे असे म्हटले आहे. स्टॅटिनमुळे यकृतातली निर्मिती घटली की काही जणांत आतड्यातले शोषण वाढते, आणि अशा वेळी शोषण रोखणारे एझेटिमाइब हे औषध उपयोगी पडते. ते वडिलांना द्यावे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा. तोवर आहारात काही बदल केलात, तर चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची व चरबीची तपासणी) पुन्हा करून पाहा, म्हणजे त्या बदलाचा वडिलांच्या एलडीएलवर किती परिणाम झाला ते कळेल.