मांजराला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे युद्ध! सल्ला हवा

ठकीचीमावशी:
मंडळी, डोंबिवलीहून लिहितेय. आमची ठकी चार वर्षांची. पिल्लू असताना सोसायटीच्या मीटररूममध्ये सापडली. घरात इतकी गरीब की पाहुण्यांना वाटतं, मांजर आहे की उशी. पण तिची बास्केट माळ्यावर असते आणि ती काढायला मी स्टूल ओढलं रे ओढलं, की बाई गायब.

गेल्या वर्षी रेबीजच्या लशीसाठी नेलं. मुलगा पलंगाखाली झाडू घेऊन आणि मी बाहेर टॉवेल पसरून, पाऊण तास! रिक्षात तिने शू केली. दवाखान्यात शेजारच्या बाकाजवळ भलामोठा लॅब्रॅडॉर. बास्केट उघडताच ती जी उडाली ती थेट फ्रिजमागे. माझ्या मनगटावर तीन रेघा अजून दिसतात.

आता ती एकाच बाजूने चावतेय, तोंडाला वासही येतोय, म्हणजे दाखवायलाच हवं. घरी येणारे डॉक्टर म्हणाले, दात नीट तपासायचे तर दवाखान्यातच आणा. एक ओळखीच्या बाई म्हणतात, आपली झोपेची गोळी पाव द्या. द्यावी का?

दोनबोके:
नका हो! माणसांची कुठलीच गोळी मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराच्या जिवावरच बेततं. डॉक्टरांना फोन करून गॅबापेंटिनबद्दल विचारा, मांजराची भीती कमी करायला देतात ते औषध. आमच्या काळूला निघण्याआधी दोन-तीन तास देतो. डोस डॉक्टरच ठरवतात, किडनीचा त्रास असेल तर आवर्जून सांगा. आधी एकदा घरीच देऊन बघा. काळू त्या दिवशी झिंगल्यासारखा चालतो, म्हणून त्याला कपाटावर चढू देत नाही.

कोकणी_आजी:
अगं, बास्केट आजच खाली काढ आणि पुन्हा वर ठेवू नकोस. वर्षातून एकदा दिसते आणि दिसली की सुई टोचतात, मग पळेल नाहीतर काय करेल? दार काढून टाक, आत तुझी न धुतलेली सुती साडी घाल आणि हॉलच्या कोपऱ्यात ठेवून विसरून जा. चार दिवसांनी आत चिमूटभर सुकट टाक. ढकलायचं नाही हं, तिची ती जाईल.

वरचं झाकण निघणारी बास्केट असेल तर उत्तम. आमचे डॉक्टर नुसतं झाकण काढतात आणि मांजर खालच्या अर्ध्या भागात बसलेलं असतानाच तपासतात. रिक्षात मांडीवर घे, वरून टॉवेल टाक. दवाखान्यातही जमिनीवर ठेवू नकोस, कुत्र्यांची नाकं तिथेच असतात. नाहीतर बाहेरच थांब, नंबर आला की हाक मारायला सांग.

निशाचर:
वरच्या दोघांना अनुमोदन. फक्त एक: ओरखडा किंवा चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. घरचंच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका.

ठकीचीमावशी:
सगळ्यांना धन्यवाद. पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण आजींच्या 'चार दिवसांना' आमच्याकडे अकरा लागले. आधी नुसती मान आत, शेपूट बाहेर. मग एका दुपारी बघते तर माझ्या साडीवर मुटकुळं करून झोपलेली!

डॉक्टरांनी गॅबापेंटिन लिहून दिलं. कॅप्सूल उघडून पावडर ओल्या खाण्यात कालवली, तर वास घेऊन निघून गेली. ट्यूनाच्या पाण्यात दिली तेव्हा चाटली. रिक्षात दोनदा ओरडली, शू नाही. दवाखान्यात गुरगुरली, पण झाकण काढल्यावर साडीत तोंड खुपसून बसली आणि डॉक्टरांनी ओठ वर करून दाढ पाहू दिली. हिरडी सुजलीय, दाढ काढावी लागणार. म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा वारी.

बास्केट आता तिचीच झालीये, मुलाने हात घातला तर फटका मारते. स्टूलचं मात्र जमलेलं नाही. काल पंखा पुसायला ओढलं, तर पलंगाखाली.