वहीत माझे १७ तास, तिचे २२. मग चुकलं कुठे?

हिशेबनीस

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी चिंचवडला एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे, बायको बँकेत. मुलगी दुसरीत. माझी आई आमच्याकडेच असते, पण गुडघ्यांमुळे तिला ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. पोळ्यांना आणि केर-फरशीला मावशी येतात.

वाद जुनाच. मी म्हणतो निम्मं काम मी करतो, ती म्हणते नाही करत. शेवटी मी म्हटलं, भांडायचं कशाला, मोजूनच टाकू. केंद्र सरकारचं वेळ-वापर सर्वेक्षण असतं, २०१९ ला झालं, मग २०२४ ला. त्यात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस धरून अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडतात. मी तशीच वही आखली. माझं पेन निळं, तिचं लाल. सात दिवस इमानदारीत लिहिलं दोघांनी.

बेरीज आली माझे १७ तास, तिचे २२. म्हणजे जवळपास ४४ टक्के मी. २०२४ च्या सर्वेक्षणात घरकामाला बायकांची रोजची २८९ मिनिटं आहेत आणि पुरुषांची ८८. माझी होतात १४६! आता निदान एक चहा तरी आयता मिळेल असं वाटलं होतं.

तिनं वही घेतली. गुरुवारचं पान वाचलं, मग एक पान मागे उलटून बुधवारचा शेवट बघितला, हसली आणि म्हणाली, "वहीच चुकलीय रे." काय चुकलंय ते सांगेना. "हिशेबातला माणूस ना तू? शोध." तीन दिवस झाले. बेरजा दोनदा तपासल्या, बरोबर आहेत.

ते पान जसंच्या तसं देतो:

बुधवार
रात्री ९:३० – मी: भांडी घासली, ओटा पुसला – २५ मि.
१०:३० – ती: दप्तर, शाळेच्या डायरीवर सही – १० मि.
११:०० – ती: साबुदाणा भिजवला – २ मि.

गुरुवार
सकाळी ६:३० – मी: खिचडी, सगळ्यांची, डब्यांसकट – ३५ मि.
६:३० – ती: मुलीला उठवणं, वेणी, आवरणं – ३० मि.
संध्या. ७:३० – मी: दळण आणि भाजी आणली – ४० मि.
८:०० – ती: स्वयंपाक, चंद्र उगवल्यावर आईंचं पान – ५० मि.

सांगा, चूक कुठाय?

---

अनघा_डोंबिवली

गुरुवारचं पान वाचलं. एक पान मागे उलटून बुधवारचा शेवट बघितला. हसले.

बाकीच्यांसाठी रुमाल टाकून ठेवते.

---

निवृत्त बाई

हिशेबनीस, आधी शाबासकी. मोजायला बसणारा नवरा मी पुस्तकाबाहेर फारसा पाहिलेला नाही. सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं समाजशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लावते.

तुमच्या पानावर ३५ आणि २ असे दोन आकडे आहेत. त्यातल्या दोनावर बोट ठेवा. उद्या चतुर्थी आहे हे बुधवारी रात्री अकराला कोणाला ठाऊक होतं? डब्यात साबुदाणा आहे, आणि तो नवा आहे की जुना, म्हणजे पाणी किती घालायचं? दाण्याचं कूट होतं की संपलं होतं? तुम्ही साडेसहाला उठून झाऱ्या हातात घेतलात तेव्हा भिजलेला साबुदाणा, कूट, उकडलेला बटाटा, सगळं ओट्यावर हजर होतं ना? आणि हो, उपास नक्की कोणाचा होता?

ॲलिसन डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत ३५ जोडप्यांच्या, नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या, मुलाखती घेतल्या. २०१९ साली त्यांचा लेख आला. डोक्यानं करायच्या घरकामाचे त्या चार तुकडे पाडतात. काय लागणार आहे ते आधी ओळखणं, त्यासाठी काय काय पर्याय आहेत ते शोधणं, ठरवणं, आणि नंतर झालं की नाही यावर नजर ठेवणं. यातलं ठरवणं बरंचसं दोघांत वाटलेलं निघालं. पहिलं आणि शेवटचं मात्र बहुतेक बायकांकडे. ठरवण्यात मान असतो, तिथे नवरा हजर. 'कूट संपत आलंय' या वाक्यात कसला आलाय मान!

आता तुमच्या सर्वेक्षणाबद्दल. एका अर्ध्या तासात चार कामं झाली तर त्यात फार तर तीन टिपतात, आणि तीही दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली. म्हणजे दोन मिनिटांचा साबुदाणा सरकारी कागदावर उमटलाच नसता. तुमच्या वहीत निदान उमटला. दुसरं, ती ८८ मिनिटं सगळ्या पुरुषांची नाहीत, त्या दिवशी ज्यांनी घरकामाला हात लावला त्यांचीच आहेत. २०१९ चे आकडे मला पाठ आहेत म्हणून ते सांगते. सहा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी दिवसभरात काहीतरी घरकाम केलं, बायकांपैकी ८१.२ टक्क्यांनी. करणाऱ्यांची सरासरी ९७ आणि २९९ मिनिटं. सगळ्यांत वाटली तर पुरुषांना २५ येतात आणि बायकांना २४३. तेव्हा तुम्ही १४६ वाले खरंच बरंच करता. पण तुलना कोणाशी करताय तेही बघा.

अवांतर: ॲन ओकली यांनी लंडनच्या ४० गृहिणींच्या मुलाखती घेतल्या, १९७४ ला त्यांचं पुस्तक आलं. आठवड्याचे सरासरी ७७ तास भरले. हे मी शिकवायचे शेवटच्या तासाला. मागच्या बाकावरच्या पोरी खिडकीतून एसटी बघत असायच्या, कारण चार दहाची चुकली तर सांजच्या भाकरीला उशीर. एक म्हणाली, "बाई, त्या लंडनच्या बायकांना शेण काढावं लागत नव्हतं ना?" मी खडू खाली ठेवला.

---

जालन्याचा

बाई, सगळं पटलं, पण आमचंबी ऐका की. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. आठ दिवसांनी येतं, कधी दहा-बारा दिवसांनी, अन येतं ते रात्री दोनला. कॉलनीतल्या कोणाला फोन करायचा, वॉलमनला विचारायचं, मोटार चालू करायची, हौद, टाकी, पिंपं, हे सगळं माझ्याच डोक्यात असतं. बायको झोपलेली असते. टाकीत किती पाणी उरलं ते मी नुसतं वाजवून सांगतो राव. हे 'डोक्यानं करायचं काम' नाही का? का फक्त साबुदाण्यालाच मान?

शिवाय गाडीची सर्व्हिसिंग, लाइट बिल, घरपट्टी, पोरीच्या शाळेची फी. कोणी वही आखत नाही यासाठी.

---

सायली_तळेगाव

जालन्याचे, तुमचं पाणी मान्य. माझं उलटंच आहे. नवऱ्याची नोकरी २०२० मध्ये गेली, पुढची दीड वर्षं घर माझ्या पगारावर. मला वाटलं आता तरी घरातलं बघेल. पूर्वी रविवारी मटण करायचा, भाजी आणायचा, तेही थांबलं. दिवसभर घरात, आणि मी आले की सिंकमध्ये कपबशा तशाच. भांडले नाही. आधीच खचलेला, त्यात 'भांडी घास' कुठे म्हणायचं? नोकरी लागल्यावर पुन्हा मटण सुरू झालं. मला आजतागायत हे कळलेलं नाही.

---

निवृत्त बाई

जालन्याचे, तुम्ही मला पकडलंत. रात्री दोनचं पाणी हे शंभर टक्के ते काम आहे, त्याला मान माझ्याकडून. फक्त पुढच्या यादीत एक फरक आहे. घरपट्टी वर्षातून एकदा किंवा दोनदा, सर्व्हिसिंग चार-सहा महिन्यांनी, बिल महिन्यानं, आणि यातलं बरंचसं रविवारवर ढकलता येतं. भूक ढकलता येत नाही. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८९ च्या पुस्तकात कॅलिफोर्नियातलं एक जोडपं रंगवलंय, होल्ट म्हणून, नाव बदललेलं. भांडून भांडून त्यांनी तोड काढली, वरचा मजला तिचा, खालचा त्याचा. वर स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, म्हणजे जवळजवळ सगळं घर. खाली गॅरेज. कुत्रा त्याचा, मूल तिचं. आणि ती बाई सांगायची, आमचं निम्मं-निम्मं आहे! खोटं बोलत नव्हती. संसार टिकवायला तिला ते खरं मानणं भाग होतं.

सायली, तुमच्या गोष्टीवर माझ्या विषयात डोकेफोड झालेली आहे. अर्थशास्त्राच्या हिशेबानं जो कमी कमावतो त्यानं घरचं जास्त करायला हवं. ज्युली ब्राइन्स यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली, तर बायकोच्या कमाईवर जास्तीत जास्त अवलंबून असलेले नवरे उलट कमी काम करताना दिसले. त्यांनी लावलेला अर्थ असा की कमाई गेल्यावर पुरुषपण सिद्ध करायला जागा उरते ती एवढीच, भांड्याला हात न लावण्याची. पुढे या निष्कर्षावर वाद झाले, सगळ्यांना तो मान्य नाही. पण तुमच्या सिंकमधल्या कपबशा मला ओळखीच्या वाटल्या.

---

दत्तवाडी_४११०३०

सगळ्यांचं वाचलं. एक विचारतो. हिशेबनीस, तुमच्या ३९ तासांत मावशींचे तास कुठल्या रंगाच्या पेनानं लिहिले?

माझी आई पाच घरी चपात्या करायची. (तुमच्याकडे पोळ्या. आई कामावर पोळ्या म्हणायची, घरी आली की चपात्या.) सकाळी साडेसहाला बाहेर, दीडला परत. आमच्या घरचा स्वयंपाक कोण करायचं? माझी बहीण, वय वर्षं अकरा. उंची पुरायची नाही म्हणून जर्मलचं घमेलं उपडं घालून त्यावर उभी राहायची. मी धाकटा, मी अभ्यास करायचो. आज मी इंजिनियर आहे आणि ती दोन घरी स्वयंपाकाला जाते.

पुण्यात १९८० ला मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं. मधल्या २८ वर्षांत कित्येक घरांत नवरा-बायकोचं 'अर्धं-अर्धं' झालं असेल, कारण अवघड अर्धं तिसऱ्याच बाईनं उचललं होतं. तुमच्यावर राग नाही. माझ्याही घरी मावशी आहेत. त्यांना बसून चहा देतो एवढं करतो, आणि त्यांची मुलगी किती वर्षांची हे विचारायचं टाळतो.

---

अनघा_डोंबिवली

रुमाल उचलते. दत्तवाडीकर, यावर काय लिहू कळत नाही.

---

हिशेबनीस

महिन्यानं धागा वर काढतोय, माफ करा.

बाई, उपास माझ्या आईचा होता. आमची सौ. उपास करत नाही, तिला पित्ताचा त्रास आहे. तुमचा प्रतिसाद वाचून वही बंद केली आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. मग तिला म्हटलं, "साबुदाणा." ती म्हणाली, "तीन दिवस? मला वाटलं एका रात्रीत कळेल."

पुढच्या आठवड्याला वहीत हिरवं पेन आणलं. काम कोणीही करो, ते करायचंय हे आधी कोणाच्या लक्षात आलं त्याचं नाव हिरव्यात. सात दिवसांत ६१ नोंदी. तिच्या ५२, माझ्या ९. माझ्या नवातल्या चार स्कूटरच्या. जालन्याचे, आमच्याकडे पाणी रोज येतं, नाहीतर माझ्या दोन-तीन वाढल्या असत्या! तिच्या बावन्नातल्या काही वाचून मी चक्रावलो. 'मुलीचे बूट टोचायला लागलेत, सांगत नाहीये.' 'आईंच्या गोळ्या शनिवारपर्यंतच.' 'मावशींच्या भाच्याचं लग्न, सोमवारी येणार नाहीत, कणीक नको आणायला, ब्रेड.' तासांची बेरीज मात्र पहिल्यासारखीच, उन्नीस-बीस.

दत्तवाडीकर, मावशींचे रोज सव्वा तास, सहा दिवसांचे साडेसात. बेरीज ३९ ची साडेसेहेचाळीस झाली आणि माझे ४४ टक्के ३७ वर आले. त्यांची मुलगी नववीत आहे. विचारलं.

एक कामच अख्खं घेऊन टाकलंय, आईचे उपास, ओळखण्यापासून पान मांडण्यापर्यंत. कालनिर्णय माझ्या बाजूच्या भिंतीवर लावलंय. परवा पुन्हा चतुर्थी आली. आदल्या रात्री बारा दहाला आठवलं, धावत जाऊन भिजवला. पाणी बोटभर वर ठेवायचं नसतं हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी कढईत एकच गोळा, झाऱ्यानं तुकडे पाडले. सौ. दारात उभी राहून बघत होती. एक अक्षर बोलली नाही, आणि त्यासाठी तिला किती कष्ट पडत होते ते दिसत होतं.

आईनं दोन घास खाल्ले. मी विचारलं, "फार चिकट झालीय का?" तर म्हणाली, "असू दे रे, राजगिऱ्याचे लाडू आहेत की डब्यात."

ते डब्यात कधी आले, कोणी आणून ठेवले, त्याची हिरवी नोंद अजून करायची आहे.