विकिपीडियावरील संपादनाचे वाद : आपले अनुभव लिहा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे आणि त्यावरील बहुतेक लेख कुणालाही बदलता येतात. त्यामुळे वाद होणारच. मात्र ते कशावरून पेटले आणि कशाने मिटले, हे चर्चा पानांपलीकडे सहसा पोहोचत नाही. ज्यांनी अशा वादात भाग घेतला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. व्यक्तींची नावे नकोत. मुद्दा मात्र नेमका असावा.

सुरुवात मी करतो. शिवजन्माच्या तारखेवरून माझा दीर्घ वाद झाला. फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तारीख जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील शकवार नोंदींच्या जुन्या टिपणात, मिळते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये ती शकावली प्रसिद्ध केल्यावर अभ्यासकांत नव्याने चर्चा झाली आणि पुढे राज्य शासनानेही हीच तारीख स्वीकारली. समोरचे सदस्य मात्र उत्तरकालीन बखरींना अनुसरून वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथी धरून बसले होते आणि माहितीचौकटीतील (लेखाच्या बाजूला मुख्य तपशील थोडक्यात देणाऱ्या चौकटीतील) १६३० काढून पुन्हा पुन्हा १६२७ लिहीत होते. लेखाच्या मजकुरात दोन्ही तिथी होत्याच, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. भांडण होते ते चौकटीतल्या एका ओळीचे, कारण तिथे एकच साल मावते. अखेर ओळीत १६३० ठेवून तिला तळटीप जोडायची असे ठरले. बखरींचा त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा खोल होता, त्यामुळे १६२७ची परंपरा कुठून आली हे सांगणारी ती तळटीप त्यांनीच लिहिली. त्यानंतर ती ओळ कुणी उलटवलेली नाही.

पुण्याहून एक संपादक

फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. मुख्य लेखाच्या शीर्षकाचा प्रश्न बोलून सुटण्यासारखा होता. त्रास झाला तो इतर लेखांत. जुने नाव दिसेल तिथे नवे घालण्याचा सपाटा सुरू झाला आणि मुघलांच्या दख्खन सुभेदारीवरील मजकुरात ‘औरंगजेबाने आपल्या नावावरून शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव दिले’ असे वाक्य तयार झाले. मलिक अंबरने वसवलेली खडकी, म्हणजे हेच शहर, तिच्या काळात खडकीच राहिली पाहिजे, आणि सतराव्या शतकातील प्रसंगात त्या काळचे नाव आले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे होते. मी असे बदल उलटवू लागताच माझ्या चर्चा पानावर मला एका राजकीय पक्षाचा हस्तक ठरवण्यात आले. ते मला फार लागले. पुढे चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मी तेच वाक्य जसेच्या तसे मांडले, तेव्हा नव्या नावाचे कट्टर समर्थकही माझ्या बाजूने उभे राहिले.

हिंगोली जिल्ह्यातून

संत नामदेवांचे जन्मस्थान नरसी बामणी की पंढरपूर, हा वाद विकिपीडियाच्या कितीतरी आधीचा आहे. वरील शिवजन्माच्या वादाप्रमाणे इथेही माहितीचौकटच कारणीभूत होती. आम्ही जन्मस्थानाची ओळ सरळ रिकामी ठेवली आणि दोन्ही मतांसाठी स्वतंत्र परिच्छेद केला. नरसी आमची आहे, तरीही हेच योग्य वाटते.

सातारा जिल्ह्यातील एक शिक्षिका

माझा वाद थोर पुरुषांबद्दल नव्हता. आमच्या गावच्या जत्रेची माहिती मी लिहिली आणि ती ‘संदर्भ नाही’ या शेऱ्यासह काढली गेली. जे गावातले प्रत्येक माणूस जाणते त्याला पुरावा कशाला, असे मी विचारले. उत्तर देणाऱ्या प्रचालकांनी (विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या सदस्यांनी) शांतपणे सांगितले की वाचक गावाबाहेरचा आहे आणि त्याला पडताळून पाहता आले पाहिजे. मग सातारा जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर पाहिले. त्यात जत्रेचा महिना सापडला आणि तेवढा भाग लेखात परतला. पालखीचा पहिला मान कोणत्या घराण्याचा, हे वाक्य मात्र अजून बाहेरच आहे. दोन घराणी तो मान सांगतात आणि छापील आधार एकाकडेही नाही. देवस्थानच्या दप्तरात मोडीतील जुन्या याद्या आहेत. अप्रकाशित कागद थेट संदर्भ म्हणून चालत नाहीत, त्यामुळे त्यांचे लिप्यंतर करून ते आधी एखाद्या संशोधनपत्रिकेत छापून आणावे असा विचार आहे. असे काम कुणी केले असल्यास कुठून सुरुवात करावी, ते कृपया लिहावे.