मदत हवी आहे: एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी नागपुरात कुठे मिळेल? (तातडीचे)

अडकलो_पुरता (सोमवार, रात्री ११.४२)
नमस्कार. एचआयव्हीपासून बचावाची रोजची गोळी नागपुरात कोणत्या दुकानात मिळते? तीन दुकानं फिरलो. धरमपेठेत एकाने "एचआयव्हीची का?" असं इतक्या मोठ्याने विचारलं की मागे ओआरएस घ्यायला उभ्या असलेल्या दोन बायका सरकून उभ्या राहिल्या. बर्डीवर म्हणाले, चिठ्ठी आणा. फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, तिथे तोंडच उघडेना, बीपी तपासून परत आलो. वेळ फार कमी आहे. लेक्चर नको, पत्ता सांगा.

संत्राबर्फी (११.५०)
दवा बाजारात जा ना भाऊ. तिथं सगळं मिळते.

नाईटड्यूटी (११.५८)
थांबा. वेळ कमी म्हणजे काय? काही घडून गेलंय, की आधीची तयारी आहे? घडून गेलं असेल तर त्याला पेप म्हणतात. पहिला डोस ७२ तासांच्या आत जायला हवा, जितका लवकर तितका बरा, मग रोज असे २८ दिवस. तसं असेल तर इथे टाइप करत बसू नका, आत्ता मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत जा. आधीपासून घेतात ती प्रेप, तिची औषधं वेगळी. कोणतं ते सांगा. मी जागी आहे, ड्यूटीवर.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, १२.०५)
मेडिकल काहून? मेयो हॉस्पिटल जवळ पडते.

संत्राबर्फी (१२.०९)
भाऊ राहते कुठं ते तं माहीत नाही अन् तुम्ही मेयो जवळ करून राहिले.

काढा_काका (सकाळी ६.१५)
गुळवेलीचा काढा सकाळी अनशापोटी. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर कोणताच विषाणू शिरत नाही. माझ्या साडूंची शुगर यानेच आटोक्यात आली.

नाईटड्यूटी (७.४०)
काका, पाया पडते, इथे नको. हा विषाणू ज्या पेशींवर प्रतिकारशक्ती चालते त्यांच्यातच शिरतो. दोन वर्षांपूर्वी वॉर्डात माझ्या बोटाला सुई टोचली होती. हातमोजा काढला, साबण-पाण्याने धुतलं, रक्त पिळून काढायचा मोह आवरला आणि दोन तासांत पहिली गोळी घेतली. २८ दिवस काढले. काढ्यावर सोडलं असतं का कोणी?
धागाकर्ते, उत्तर द्या. आठ तास झाले.

काढा_काका (८.०२)
अॅलोपॅथीवाल्यांना काढा म्हटलं की झोंबतं.

*(काढा, लिव्हर आणि काकांचे साडू यावरचे ९ प्रतिसाद संपादकांनी हलवले आहेत.)*

नाईटड्यूटी (सायंकाळी ७.३०)
वीस तास. अहो, जिवंत आहात ना?

अडकलो_पुरता (रात्री ९.५०)
ऑफिसात होतो हो! काही घडलेलं नाही. लग्न आहे, १८ दिवसांवर. म्हणून घाई.

वऱ्हाडी_ठेचा (९.५३)
अभिनंदन भाऊ. पण लग्नाचा अन् गोळीचा काय संबंध?

अडकलो_पुरता (९.५५)
उघड आहे ना. तिला आहे, मला नाही.

संत्राबर्फी (९.५६)
हे तुमच्या पोटात होतं राजा, धाग्यात नव्हतं!

नाईटड्यूटी (१०.१०)
आता नीट विचारते, सगळ्याची उत्तरं द्या. ती एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांवर आहे का, किती वर्षं? शेवटचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते, कधी केला, आकडा काय? तुमची स्वतःची एचआयव्ही तपासणी कधी झाली? हिपॅटायटिस बी? क्रिएटिनिन?

अडकलो_पुरता (१०.२१)
गोळ्या सहा वर्षांपासून, अमरावतीहून. रिपोर्ट चांगला होता म्हणते. माझी तपासणी कशाला? मला नाही म्हटलं ना.

फुटाळ्याची_संध्याकाळ (१०.४०)
मी बोलते, कारण आमच्या घरात हेच आहे. माझे मिस्टर पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह, लग्नाला अकरा वर्षं झाली. तुम्हाला गोळीची गरजच नाही. तिचा व्हायरल लोड औषधाने 'सापडत नाही' इतका खाली गेला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून तिच्याकडून तुम्हाला लागण होत नाही. युरोपातल्या पार्टनर अभ्यासात ८८८ जोडपी होती, सुमारे ५८ हजार वेळा कंडोमशिवाय संबंध, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. २०१६ मध्ये छापून आलंय. मी एकही गोळी घेतलेली नाही, माझी मुलगी शाळेत जाते आणि ती निगेटिव्ह आहे.

नाईटड्यूटी (१०.५२)
ताई, पटतं. पण तुमच्याकडे रिपोर्ट होता, यांच्याकडे 'चांगला होता म्हणते' आहे. आकडा दिसेपर्यंत गोळी आणि कंडोम, दोन्ही. जोडीदाराचा लोड सहा महिने दबलेला आहे हे कळलं की मग डॉक्टरांशी बोलून बंद करता येते.

फुटाळ्याची_संध्याकाळ (१०.५८)
आणि ती बिचारी गोळ्या घेते यावर विश्वास नाही, असा अर्थ होत नाही का त्याचा? नव्या नवरीला?

नाईटड्यूटी (११.०४)
विश्वासाचा काय संबंध? रिपोर्ट बघायचाय.

सत्यवचनी_नागपूर (११.१५)
सगळ्यांना गोड बोलायचं आहे म्हणून मीच विचारतो. लग्न करताच कशाला? घरच्यांना सांगितलं का? त्यांचा हक्क आहे.

फुटाळ्याची_संध्याकाळ (११.१९)
हक्क कोणाचा ते २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात लिहिलंय. तिच्या संमतीशिवाय तिची स्थिती चारचौघांत सांगायची नाही. नवऱ्याला तिने स्वतः सांगितलंय, आणि लग्न त्याला करायचंय, तुम्हाला नाही.

अडकलो_पुरता (११.३०)
साक्षगंधाच्या आधीच सांगितलं तिने, फुटाळा तलावावर, मक्याचं कणीस हातात धरून. मी अर्धं खाल्लं होतं, तेही थंड झालं. घरी सांगणार नाही, विषय संपला. ती म्हणते माझ्याच डब्यातली एकेक घे तोवर. चालेल का? तिने लेबल खरवडून गोळ्या कॅल्शियमच्या डबीत ठेवल्यात.

नाईटड्यूटी (११.३४)
नाही! नाही! नाही! तिची टीएलडी असेल, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधं एकात. प्रेपच्या गोळीत दोन असतात, टेनोफोविर ३०० आणि एम्ट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम. आणि तिचे डोस तुमच्या पोटात गेले तर तिचाच लोड वर जाईल. मग कोणाला वाचवलंत?

वऱ्हाडी_ठेचा (११.३६)
मॅडम, एवढं ओरडू नका, भाऊ नवरदेव आहे.

दवाबाजार_फेरी (बुधवार, सकाळी १०.२०)
मी औषधांच्याच लाइनमध्ये आहे. टेनविर-ईएम म्हणून मागा, पण चिठ्ठी लागतेच, बर्डीवाल्याने बरोबर केलं. तपासणी का, तर आधीच लागण झालेली असेल आणि दोनच औषधं चालू केली तर विषाणू त्यांना सरावतो, पुढे तीच कामी येत नाहीत. हिपॅटायटिस बी असेल तर ही गोळी अचानक सोडल्यावर कावीळ उसळू शकते. क्रिएटिनिन मूत्रपिंडासाठी. पुढेही दर तीन महिन्यांनी एचआयव्ही तपासणी. डॉक्टर शोधताना 'एचआयव्हीचे औषध देणारे' विचारा, किंवा १०९७ वर फोन करा, राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट. नॅकोने, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, २०२२ मध्ये प्रेपच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यामुळे डॉक्टरने नाक मुरडलं तर तिथं बोट ठेवा.

संत्राबर्फी (१०.४५)
२१ दिवस लागतात म्हणे काम सुरू व्हायला. भाऊकडे १७ च उरले.

दवाबाजार_फेरी (११.०२)
ते २१ बायकांचं, योनीमार्गातल्या संबंधासाठी. गुदमार्गाला ७ सांगतात. नवरदेवाचे दिवस डॉक्टर ठरवतील, तोवर कंडोम. कंडोम असाही लागेल, गरमी, परमा असे गुप्तरोग आणि पाळणा यांवर ही गोळी काही करत नाही.

संत्राबर्फी (११.०४)
पाळणा! आजोबांचा शब्द.

वऱ्हाडी_ठेचा (११.१०)
अन् गोळ्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. मे महिना आहे. आमच्या बाबांच्या कॅप्सूल डिक्कीत एकमेकीला चिकटून लाडू झाला होता.

सत्यवचनी_नागपूर (११.१३)
फ्रिजमध्ये ठेवा मग.

वऱ्हाडी_ठेचा (११.१५)
फ्रिज सासूचा असतो भाऊ.

*(कूलरला वाळा बरा की गवत, यावरचे १४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात.)*

फुटाळ्याची_संध्याकाळ (दुपारी ३.३०)
धागाकर्ते, तिला एकदा विचारा की रिपोर्टचा कागद बघू का. मीही विचारलं होतं मिस्टरांना. तिसऱ्या दिवशी विचारलं, दोन दिवस धीर होत नव्हता. त्यांनी फाईलच दिली आणि चहा करायला आत गेले.

अडकलो_पुरता (पुढच्या मंगळवारी, रात्री १०.०५)
उशिरा लिहितोय, पत्रिका वाटत होतो. कागद मागितला. तिने शांतपणे काढून दिला. व्हायरल लोड 'आढळला नाही', पण तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. दर वर्षी करायचा असतो हे तिला माहीत होतं, पण मागच्या खेपेला परीक्षा होती. आता नमुना दिलाय, रिपोर्ट यायचाय. माझी एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि एक शब्द जास्त विचारला नाही. शनिवारपासून रोज रात्री नऊला. पहिले दोन दिवस मळमळ आणि पोटात गुडगुड, आई म्हणाली लग्नाचं टेन्शन.
आता अडचण वेगळी. आईला कसली गोळी सांगू?

काढा_काका (१०.१२)
आम्लपित्ताची सांगा. तसंही लग्नघरात सगळ्यांना असतंच.

नाईटड्यूटी (१०.१५)
काका, पहिल्यांदा कामाचं बोललात. नव्या रिपोर्टचा आकडा आला की इथे टाका, आणि त्याआधी गोळी सोडू नका.

वऱ्हाडी_ठेचा (१०.२०)
जेवण कुठं ठेवलं भाऊ? सावजी असेल तर मी येतो.

नवखा_सदस्य (तीन आठवड्यांनंतर, दुपारी २.११)
धागा वाचला, छान माहिती. मला काल गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला चावा घेतला. ७२ तासांत घ्यायची ती गोळी मलाही चालेल का?

नाईटड्यूटी (२.१३)
नाही! जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आत्ता मेडिकलला जा, रेबीजची लस घ्यायला. आत्ता म्हणजे आत्ता. नवीन धागा नंतर काढा.

वऱ्हाडी_ठेचा (२.१९)
मेयो जवळ पडते.