‘गोतावळो’ ग्रुप: बागेत बंदूकवाले शिरले, आता काय करायचं?

अण्णा (गाव), सकाळी ६:५२
काल रात्री साडेअकराक वाघ्यो भुकाक लागलो. खालच्या काजीच्या बागेत बॅटऱ्यो फिरत होत्यो. कोयतो घेवन गेलंय. चारजण होते, एकाकडे ठासणीची बंदूक. इचारलंय कोण रे तुमी, तर एकान कपाळावरची बॅटरी माझ्या तोंडार मारल्यान आणि म्हणता, घरात जावन झोप म्हाताऱ्या. नळी माझ्याकडे केल्यान काय, ता उजेडात दिसला नाय. परत इलंय. धा मिनटांनी बार ऐकाक इलो. आता जावन बघतंय तर कुंपणाच्या भोकाक क्लच वायरची फासकी आणि खाली पाटाकडे रगात, डुकराचा असतला. फोटो टाकतंय.

अण्णा (गाव), ६:५३
[फोटो] [फोटो] [फोटो]

सुजाता (डोंबिवली), ७:०४
अण्णाकाका, बापरे! तुम्ही बरे आहात ना? काकी कुठे होत्या?

अण्णा (गाव), ७:०६
ती दारात उभी ऱ्हवान माकाच शिव्या घालत होती.

राहुल (डोंबिवली), ७:११
काका, तुम्ही एकटे कशाला गेलात? आणि आबांची बंदूक कुठाय? पुढच्या वेळी सरळ बार टाका. जमीन आपली, सातबारा आपला, रात्री हत्यार घेऊन घुसलेत ते. स्वसंरक्षण म्हणतात याला. कोर्टात काही होत नाही. 💪💪

नीलिमा आत्या (ओरोस), ७:२५
राहुल, कोर्टात काय होतं ते मी तेवीस वर्षं बघतेय. हे नीट वाच, मग दंड दाखव.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या आयपीसीतली ९६ ते १०६ कलमं आता ३४ ते ४४ झाली, मजकूर जवळजवळ तोच. शरीराचं रक्षण आणि मालमत्तेचं रक्षण, दोन्हींचा हक्क आहे, अगदी अतिक्रमण करणाऱ्याविरुद्धसुद्धा. पण मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो ते कलम ४१ मध्ये मोजून दिलंय. जबरी चोरी. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी. राहत्या घराला आग लावणं किंवा स्फोटकं. आणि अशी चोरी, नासधूस किंवा घरात शिरणं, की आपण काही केलं नाही तर मरू किंवा जबर जखमी होऊ अशी रास्त भीती वाटावी. काजीच्या बागेत डुकरामागे शिरलेला माणूस यात कुठे बसतो? कुठेच नाही. त्याला आरडाओरडा करून हाकलता येतं, गरजेपुरती धक्काबुक्कीही माफ आहे. गोळी नाही.

आणि आबांची बंदूक म्हणशील तर तो शेतसंरक्षणाचा परवाना आबांच्या नावावर होता. परवाना वारसाहक्काने येत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. अण्णाने केला होता का, विचार त्याला.

अण्णा (गाव), ७:२७
बंदूक कुठल्यातरी इलेक्शनाक जमा केलेली, ती परत हाडूचीच ऱ्हवली. आता तिचा काय झाला देवाक ठावक.

राहुल (डोंबिवली), ७:३१
म्हणजे ते बंदूक रोखणार आणि आपण कलम वाचत बसायचं?

नीलिमा आत्या (ओरोस), ७:४०
नाही. तिथे गोष्ट बदलते, म्हणूनच मी अण्णाला विचारणार होते की नळी कुठे होती. नळी तुझ्याकडे वळली, तो मारणार अशी रास्त भीती वाटली, की हा बागेचा प्रश्न राहत नाही, शरीराचा होतो. ते कलम ३८. तिथे कायदा बराच उदार आहे. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आम्ही सगळे वापरतो. तोही शेतातलाच तंटा. बापावर गंडाशीने, म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्यासारख्या हत्याराने, हल्ला झाला, मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली, हायकोर्टाने दोषी धरलं आणि सुप्रीम कोर्टाने सोडलं. जीव धोक्यात असलेल्या माणसाकडून प्रत्येक वार सोन्याच्या तराजूत मोजून करावा अशी अपेक्षा करता येत नाही, असं कोर्टाने म्हटलंय. कायद्याचं पालन करणाऱ्याने भित्र्यासारखं पळालंच पाहिजे असंही नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेव. भीती असेपर्यंतच हक्क असतो, पाठ फिरवून पळणाऱ्यावर बार टाकलास की तू आरोपी. पोलिसांना बोलावण्याइतका वेळ असेल तर हक्कच नाही, ते कलम ३७. आणि बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर असते. संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायची गरज नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे इतकं पटवलं तरी पुरतं. पण ते पटवेपर्यंत अटक, जामीन, आणि ओरोसच्या कोर्टाच्या तारखा. चार वर्षं, सहा वर्षं. तू येणार आहेस का डोंबिवलीहून दर तारखेला?

सुजाता (डोंबिवली), ७:४२
हा गणपतीला पण दोन दिवस उशिरा जातो 😄

मंदार (मिनियापोलिस), ७:५८
बाबा, आत्ता फोन केला, आईने उचलला, तुम्ही बागेत गेलात म्हणे. परत?? कशाला?

इथे रात्रीचे साडेआठ वाजलेत. नोव्हेंबर आला की इथे हरणांच्या शिकारीचा मोसम असतो, ऑफिसातले अर्धे लोक भगवी जॅकेटं घालून जंगलात जातात. आणि दर मोसमात कोणीतरी ती २००४ ची गोष्ट काढतोच. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात सॉयर काउंटी आहे. तिथल्या खाजगी जंगलात सेंट पॉलहून गेलेला एक शिकारी दुसऱ्याच्या मचाणावर बसला होता. मालकांपैकी एकाने बघितलं, हटकलं, तो उतरून निघालाही. तेवढ्यात मालकाकडचे आणखी लोक आले, बाचाबाची झाली, त्याच्या लायसन्सचा नंबर टिपून घेतला. पुढचं दोघांचं वेगळं. वाचलेले म्हणाले, त्याने वळून गोळ्या घातल्या. तो म्हणाला, मला वंशावरून शिव्या दिल्या आणि पहिली गोळी माझ्या दिशेने आली. सहा मेले, दोघे जखमी. त्यानेही कोर्टात स्वसंरक्षणच सांगितलं होतं. २००५ मध्ये ज्यूरीने ते मानलं नाही. सहा जन्मठेपा, सुटका नाही.

बाबा, ते मालक पूर्णपणे बरोबर होते हो. जमीन त्यांची, मचाण त्यांचं, घुसलेला तो.

राहुल (डोंबिवली), ८:०५
पण तिकडे घुसलेल्याला गोळी घालायचा कायदा आहे ना? कॅसल की काहीतरी?

मंदार (मिनियापोलिस), ८:१२
ते घरासाठी. विस्कॉन्सिनने २०११ मध्ये तसा कायदा केला, तोही घर, गाडी आणि धंद्याची जागा एवढ्यापुरता. चाळीस एकर रान म्हणजे घर नव्हे. नुसतं हद्दीत आला म्हणून गोळी, हे इथेही बहुतेक ठिकाणी चालत नाही. युट्युब कमी बघ.

तेजस (पुणे), ८:१५
मग तारेत करंट सोडूया रात्रीपुरता. माणूस पण येणार नाही, डुक्कर पण नाही.

प्रकाश भावोजी (सावंतवाडी), ८:३३
तेजस, हे डोक्यातून आधी काढ. वनखात्यात असताना अशा तारेला चिकटलेले बैल, कुत्रे आणि दोन माणसं मी स्वतः उचललीत. तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवध लागतो, आणि मेलेला बहुतेक वेळा शिकारी नसतो, सकाळी लवकर शेतात गेलेला शेजारी असतो. सौर कुंपणाचा झटका वेगळा, तो थांबून थांबून येतो, माणूस सहसा मरत नाही. ते लावा, खुशाल लावा.

आता अण्णा, तुमच्यासाठी. नीलिमाने बंदूक नको म्हणून सांगितलं, पण तुमच्याकडे बंदुकीपेक्षा जड वस्तू आहे ती क्लच वायर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासकी लावणं, हाकारे घालून जनावर पुढे काढणं, मारायचा प्रयत्न करणं, सगळं शिकारच. डुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. डुक्कर पिकाची नासाडी करत असेल तर मारायचा परवाना मिळतो, पण तो अर्ज करून, अधिकाऱ्याकडून. रात्री चौघांनी दुसऱ्याच्या बागेत शिरून नाही.

फासकीला हात लावू नका. ती कुंपणाला जशी बांधलीय तशीच राहू दे. रक्तावर टोपली पालथी घाला, कोंबड्या टोकरतील. बंदुकीची टोपी, जळका काथ्या, चपलेचे ठसे, काय असेल ते लांबून बघा. आणि १९२६ ला फोन करा, तो वनखात्याचा नंबर. मी पण इथून बोलतो.

नीलिमा आत्या (ओरोस), ८:४१
प्रकाशने सांगितलं त्यात माझी एक भर. नुसतं कोणाच्या बागेत शिरणं हा फौजदारी गुन्हा होत नाही, गुन्हा करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने शिरावं लागतं. म्हणून वकील नेहमी म्हणतो, अशिलाची वाट चुकली. पण खांद्यावर ठासणीची आणि कुंपणाला फासकी असेल तर वाट चुकली म्हणायला तोंड राहत नाही. शिकारीचा हेतू दिसला की अतिक्रमण आपोआप उभं राहतं, कलम ३२९. शिवाय बिनपरवाना बंदूक असेल तर शस्त्र कायदा.

आणि अण्णा, तू कोयता नेलास त्याबद्दल मी वेगळा फोन करणार आहे. अंधारात कोयता दिसल्यावर त्या पोराचं बोट घोड्यावर गेलं असतं, तर उद्या त्यानेही कोर्टात हेच सांगितलं असतं की म्हातारा कोयता घेऊन अंगावर आला.

मंदार (मिनियापोलिस), ८:४४
आत्या 🙏🙏 हेच मी सकाळपासून, म्हणजे इकडच्या रात्रीपासून, आईला सांगतोय.

अण्णा (गाव), ९:०२
तुमचा सगळा वाचलंय. बरोबर हा. पण एक गजाल तुमका कोणाक ठावक नाय. बॅटरी माझ्या तोंडार होती तरी आवाज माका कळलो. आमच्याच वाडयेतलो. त्याच्या बापाशीन आमची इहीर खणलली.

सुजाता (डोंबिवली), ९:०५
अरे देवा.

राहुल (डोंबिवली), ९:०६
मग तर नाव सांगाच काका. घरात जाऊन झोप म्हणतो?

अण्णा (गाव), ९:१५
तू सांगशील आणि डोंबिवलीत बसशील. माका दळणाक, लायटीक, म्हशी सोडूक त्याच्याच दारावरसून जावचा लागता. पूर्वी आमच्या बागेत डुकर पडलो तर वाटो घराक यायचो. बंदूकवाल्याचो एक, कुत्र्याचो एक, जमीनवाल्याचो एक. आबा स्वतः वाटे करूक बसत. तेवा कोणी कोणाक म्हाताऱ्या नाय म्हटल्यान.

प्रकाश भावोजी (सावंतवाडी), ९:२१
ते दिवस मी पण खाल्लेत अण्णा, खोटं कशाला बोलू. पण आज मारलेलं डुक्कर ना त्यांचं ना तुमचं, ते सरकारचं. वाटा घरात आला तर पंचनाम्यात तुमचं नाव खाली नाही, वर येईल.

नीलिमा आत्या (ओरोस), ९:३०
अण्णा, तुझी अडचण कळते. नाव सांगायचं की नाही ते तू आणि वहिनी ठरवा. पण तक्रार अर्ज आजच दे. “अज्ञात चार इसम” असं लिहिलंस तरी तारीख, वेळ, बार, फासकी नोंदवली जाते. पुन्हा कधी काही घडलं तर तेव्हा हा कागद कामाला येईल. पोलीस पाटलाला पण तोंडी सांगून ठेव. एक मात्र सांगते, जे आठवत नाही ते लिहू नकोस. नळी तुझ्याकडे होती असं राहुलच्या सांगण्यावरून लिहिशील आणि उलटतपासणीत उजेडात दिसलं नाही म्हणशील.

तेजस (पुणे), ९:३४
काका, मी पुढच्या शनिवारी येतो. दोन कॅमेरे लावूया, हालचाल झाली की फोटो काढणारे. एक फाटकाजवळ, एक पाटाकडे. आणि घरावर मोठा दिवा, आतून बटण.

मंदार (मिनियापोलिस), ९:३६
पैसे मी पाठवतो. आणि बाबा, पुढच्या वेळी दार उघडायचं नाही. आतून दिवा लावा, ११२ ला फोन करा, मग वाघ्याला काय भुंकायचं ते भुंकू दे.

राहुल (डोंबिवली), ९:३८
ठीक आहे, मी बोललो ते मागे घेतो. पण त्यातल्या एकाला तरी पकडून झाडाला बांधायला हवं होतं.

नीलिमा आत्या (ओरोस), ९:४०
पकडलास तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, एक चापट न मारता. जमेल तुला?

राहुल (डोंबिवली), ९:४१
चापट न मारता अवघड आहे.

प्रकाश भावोजी (सावंतवाडी), १०:०८
वनरक्षक निघालेत, तासाभरात पोचतील. बरोबर पंच म्हणून दोघे लागतील. अण्णा, बागेत कोणाला फिरकू देऊ नका.

अण्णा (गाव), १०:२६
प्रकाश, एक इचारूचा हा. आता म्हशी बांधून इलंय तर पुढच्या पडवेत केळीच्या पानात बांधलली पिशवी ठेवलली हा. दोनेक किलो असात. कोण ठेवन गेलो बघूक नाय. वाघ्यो एकदाय भुकलो नाय.

अण्णा (गाव), १०:२७
ही म्हणता मसालो वाटू काय.

प्रकाश भावोजी (सावंतवाडी), १०:२७
हात लावू नका!!

नीलिमा आत्या (ओरोस), १०:२७
फोटो काढ. पडवीचं दार ओढून घे. वहिनीला फोन दे.