जिमनी: झेटा की अल्फा?

मारुतीची जिमनी झेटा (स्वस्त) आणि अल्फा (टॉप) अशा दोन मॉडेलांत मिळते. 'ऑफ-रोडिंग (कच्च्या, चिखलाच्या वाटांवर गाडी चालवणं) करायचं तर टॉप मॉडेलच हवं' असं कुणीतरी म्हटलंय. जिमनीपुरतं तरी ते पटत नाही. लो-रेंजसह (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) फोर-व्हील ड्राइव्ह, ब्रेकवर चालणारं लिमिटेड स्लिप (घसरत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवणारं), हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप आवरणारं), सहा एअरबॅग, 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, हे सगळं झेटातही आहेच. अल्फात वाढतं ते अलॉय व्हील, 9 इंची स्क्रीन, क्रूझ कंट्रोल वगैरे. एलईडी हेडलॅम्प आणि त्यांचे वॉशर मात्र चिखलात खरंच कामाचे. रात्री घाटात गाडी चालवणार असाल तर अल्फाचा विचार करा. नाहीतर झेटा घ्या आणि उरलेल्या पैशांतून आधी टायर बदला. कंपनीचे 195/80 आर15 मापाचे टायर हायवेचे आहेत, सह्याद्रीतल्या पावसाळी लाल मातीत त्यांच्या खाचा लगेच चिखलाने भरतात. आणि हो, शोरूमवाल्याचं अॅक्सेसरी पॅकेज बिनधास्त नाकारा.